पहिल्या रांगेतली दुसरी खुर्ची

डेलोरा क्विन आपल्या गावात गाणार आहे, हे मर्लिन थोर्सगार्डला किराणा दुकानात, गोठवलेल्या मटाराच्या कपाटापुढे कळलं, आणि तो मटार न घेता, कपाटाचं दार सताड उघडं टाकून घरी आला. एकतीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवत आलेला माणूस दार उघडं टाकतो, यावरून दुकानातल्या बायकांनी ओळखलं की मामला गंभीर आहे.

तसा तो होताच. टॅमरॅक फॉल्सला सव्वाशे वर्षं पूर्ण होत होती. (गावात धबधबा नाही, कधी नव्हता, संस्थापकांचा आशावाद दांडगा होता.) त्यानिमित्त उत्सव समितीने ऑगस्टच्या सतरा तारखेला, शनिवारी संध्याकाळी, बागेतल्या व्यासपीठावर डेलोराबाईंचा फुकट कार्यक्रम ठरवला होता. बाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. हा त्यांचा निरोपाचा दौरा. गेल्या नऊ वर्षांतला तिसरा निरोपाचा, पण या खेपेला गुडघ्यांनीही दुजोरा दिला होता.

मर्लिनकडे डेलोराच्या एकेचाळीस तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून तिला सोडून गेलेले साठेक पुरुष होते. त्याची बायको आर्डिस हिचं मत असं की बाई नाकात गाते. मर्लिनचं मत असं की नाकात गाते म्हणून तर ते काळजापर्यंत पोचतं. या मतभेदावर त्यांचा संसार चाळीस वर्षं सुखात चालला. डेलोरा सुरू झाली की आर्डिस कानात कापूस घालून भांडी घासायची. मर्लिनची एकच शिष्या होती, ती म्हणजे मुलगी ब्रिटा. ती नऊ वर्षांची असताना त्याने तिला राज्याच्या जत्रेत डेलोराला ऐकायला नेलं होतं. तिसऱ्या गाण्याला ती खुर्चीतच झोपली. मर्लिन त्याला तल्लीन होणं म्हणतो. त्यानंतर कित्येक शनिवार दोघं पिकअपमधून कचरा टाकायला जाताना डेलोराची गाणी गळा काढून म्हणत, कारण कचराडेपोच्या वाटेवर आर्डिस नसायची.

आर्डिसला जाऊन आता तीन वर्षं झाली होती. कापूस अजून औषधांच्या कपाटात होता. ब्रिटा त्रेचाळीस वर्षांची होऊन पोर्टलंडला एका विमा कंपनीत होती आणि दर रविवारी चार वाजता फोन करायची. हवामान, गाडी, तब्येत. बारा मिनिटं. तीन वर्षांत दोनदा येऊन गेली होती.

तेव्हा मर्लिनने ठरवलं की दोन खुर्च्या टाकायच्या.

आमच्याकडे मिरवणूक असो की गाणं, आपली घडीची खुर्ची आदल्या दिवशी नेऊन हव्या त्या जागी उघडून ठेवायची आणि खुशाल घरी जायचं. ती खुर्ची म्हणजे खरेदीखत. तिला कोणी हात लावत नाही. चर्च जळत असलं तरी आधी खुर्चीच्या मालकाला फोन करून मग बादली घेऊन तिच्या बाजूने धावतील. फक्त ठेवायची ती एक दिवस आधी, फार तर दोन. मर्लिनने त्या ठेवल्या अठ्ठावीस दिवस आधी. ॲल्युमिनियमच्या दोन जुन्या खुर्च्या, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या. पट्ट्या त्याने स्वतः नव्याने विणल्या होत्या. पहिली रांग, बरोबर मध्य. फूटपट्टीने मोजून.

दुसऱ्या दिवशी रविवार. चार वाजता फोन आला.

"डेलोरा येतेय," मर्लिन म्हणाला. "सतराला. बागेत."

"अजून गाते ती?"

"पुढच्या रांगेत खुर्च्या टाकल्यात मी. दोन."

"दोन कशाला, बाबा?"

मर्लिनच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. पण आमच्याकडचे पुरुष ओठांवर आलेलं आधी गिळून पाहतात. "एखादी मोडली तर असावी," तो म्हणाला.

ब्रिटा म्हणाली, नको बाबा, एवढा खटाटोप कशाला करता. आणि मग पोर्टलंडच्या हवेबद्दल बोलणं झालं.

सोमवारी शेजारचा ड्वेन फायफर बागेवरून गेला. ड्वेन हा सल्ला देण्यासाठीच जन्मलेला माणूस. मधल्या वेळात त्याने गॅस कंपनीत नोकरी केली. त्याने स्वतःच्या सहा खुर्च्या आणून मर्लिनच्या शेजारी मांडल्या.

"अरे, तुझ्या दोघी एकट्या दिसत होत्या," त्याने खुलासा केला.

सहा दिसल्यावर बारा आल्या. बारा बघून ल्यूथरन चर्चच्या बायकांनी चाळीस आणल्या, आणि हे बघून कॅथलिक मंडळी हातावर हात धरून बसणार नव्हतीच. आठवड्याअखेर बागेत तीनशे बारा रिकाम्या खुर्च्या व्यासपीठाकडे तोंड करून बसल्या होत्या. गवत कापणाऱ्याने यंत्र आणलं, खुर्च्यांकडे पाहिलं आणि नेलं, कारण दुसऱ्याची खुर्ची हलवायची कशी? गवत पायांच्या वर आलं. त्या शनिवारी एका लग्नाचे फोटो बागेत होते. नवरा-नवरी तीनशे बारा न आलेल्या पाहुण्यांसमोर हसत उभी राहिली. एक परगावचा प्रवासी सँडविच खायला तिसऱ्या रांगेत बसला. त्याला उठ कोणी म्हटलं नाही. आमचे सात-आठजण त्याच्याभोवती येऊन नुसते हवेबद्दल बोलत उभे राहिले, तेव्हा तो घाईघाईने उरलेलं सँडविच घेऊन गाडीत बसला.

"पण दुसरी कुणासाठी रे?" ड्वेनने आपल्या ओसरीवर विचारलं. "कॉफी घे."

"नको. ब्रिटा आली तर."

"येतेय का? घे रे कॉफी."

"नको नको. तिला कामं असतात."

"अर्धा कप घे."

"बरं, ओतच मग. अर्धाच." आणि ड्वेनने कप काठोकाठ भरला. आमच्या गावात कॉफीच काय, मूत्रपिंड देऊ केलं तरी माणूस दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा हावरट, आणि दोनदा विचारून थांबणारा चिक्कू. तिसऱ्यांदा नको आलं की मात्र खरंच नको. हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणून कोणी मोडत नाही.

"तू नीट विचारलंस ना तिला?" ड्वेन म्हणाला. "नाही तर तिकीट काढून पाठव सरळ. माझा मेहुणा—"

"विचारतोय," मर्लिन म्हणाला. "एकदा झालंय."

दुसऱ्या रविवारी हवा आणि गाडी झाल्यावर मर्लिनने घसा साफ केला. "ती दुसरी खुर्ची मोकळीच आहे म्हटलं. कोणी इकडे येणार असेल तर."

"राहू दे बाबा. ड्वेनकाकांच्या घरच्यांना द्या."

"त्याच्या सहा आहेत."

तिसऱ्या रविवारी तो याहून पुढे गेला, म्हणजे आमच्या हिशेबाने जवळजवळ निर्लज्जपणाच केला. "तू आलीस तर तुझी खोली आहेच. चादरी धुतल्यात."

"नको बाबा," ब्रिटा म्हणाली. "तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला," मर्लिन म्हणाला. मग तब्येतीचं बोलणं झालं. फोन ठेवल्यावर त्याने बोटं मोजली. तीन. त्याने चादरी घडी करून कपाटात ठेवल्या, मग परत काढून गादीवर घातल्या, कारण धुतल्याच होत्या.

इकडे खुर्च्यांचं प्रकरण नगरपालिकेत गेलं. खास बैठक झाली. खुर्च्या उचलाव्यात असा ठराव एकमताने मंजूर झाला आणि उचलणार कोण यावर बैठक बरखास्त झाली. शेवटी तोडगा निघाला: प्रत्येक खुर्चीसाठी तात्पुरतं आसन ठेवण्याचा परवाना घ्यायचा, त्यात बसणाऱ्याचं नाव लिहायचं, ज्या खुर्चीला नाव नाही ती पालिका उचलेल. आता पहिल्या खुर्च्या कुणी टाकल्या हे सर्वांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल मर्लिनला कोणी अवाक्षर बोललं नाही. फक्त रांगेत त्याला सगळ्यांनी पुढे जाऊ दिलं. याहून मोठा अपमान आमच्याकडे करता येत नाही.

खिडकीपलीकडे लॉव्हॉन होती, पालिकेची कारकून. शाळेत मर्लिनच्या वर्गात तिने पक्ष्यांसाठी एक लाकडी घर केलं होतं, ज्याला दार ठेवायचं राहून गेलं होतं. ती अजून त्याला सर म्हणते.

"सर, पहिली खुर्ची तुमची. दुसरीचं नाव?"

मर्लिनने लिहिलं: ब्रिटा थोर्सगार्ड (बहुधा).

लॉव्हॉनने वाचलं. "सर, 'बहुधा' चालत नाही."

"का?"

"रकाना नाही त्याला."

"पेन्सिलीने लिहिलं तर?"

"सर," लॉव्हॉन हळूच म्हणाली, "येतेय का ती?"

मागे अकरा माणसं छताकडे बघत होती, म्हणजे ऐकत होती. मर्लिनने 'बहुधा' खोडलं. एकच रेघ, सरळ, पट्टी लावल्यासारखी. लॉव्हॉनने शिक्का मारला आणि तो कागद जरा जास्तच जपून फाईलला लावला.

चौथ्या रविवारी ब्रिटाचा फोन चार वाजता आला. हवा झाली. गाडी झाली. तब्येत झाली. मग शांतता पसरली. मर्लिनला भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता, आणि बहुतेक पोर्टलंडच्या घड्याळाचाही.

"मग शनिवारी कार्यक्रम," ब्रिटा म्हणाली.

"हो. शनिवारी."

"खुर्च्या आहेत ना अजून?"

"आहेत. परवाना काढला."

पुन्हा शांतता.

"आणखी काही, बाबा?"

मर्लिनला खूप काही होतं. पण तीनदा नको म्हटलेल्या माणसाला चौथ्यांदा विचारणं म्हणजे त्याचा हात पिरगळणं, आणि मर्लिन थोर्सगार्डने जन्मात कुणाचा हात पिरगळला नव्हता. "नाही," तो म्हणाला. "आणखी काही नाही."

त्या दिवशी फोन तेवीस मिनिटं चालला. त्यातली अकरा मिनिटं कोणीच बोललं नव्हतं.

मंगळवारी वादळ आलं. त्याने तीनशे बाराही परवाने धुडकावून सगळ्या खुर्च्या उचलल्या आणि बदकांच्या तळ्यापाशी कुंपणाला एकीत एक अडकवून ठेवल्या. गावात दुकान एकच, त्यामुळे खुर्च्याही सारख्या. दुसऱ्या दिवशी सगळं गाव ढिगाभोवती जमलं आणि "आधी तुम्ही घ्या," "छे, तुम्ही," यात दुपार झाली. मर्लिनला आपल्या विणीमुळे ओळख पटली. एक ढिगात होती. दुसरी तळ्यात. पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून तो पाण्यात उतरला, तेव्हा ड्वेनने काठावरून सल्ले दिले: डावीकडून धर, बदकांकडे बघू नको, ती चावतात. खुर्चीचा एक पाय वाकला होता. मर्लिनने ती गॅरेजमध्ये शिकंज्यात धरून तासभर सरळ केली. तरी ती जरा डावीकडे कललेलीच राहिली, कुणाचं तरी ऐकायला वाकल्यासारखी.

शनिवारी सहा वाजता बागेत नऊशे माणसं होती. सगळ्या खुर्च्या भरल्या, मागे लोक उभे, झाडाखाली उभे, कचऱ्याच्या डब्यांना टेकून उभे. एकच खुर्ची रिकामी होती. पहिली रांग, बरोबर मध्य. तिच्यावर कोणी बसलं नाही, कोणी बसणारही नव्हतं. तिला नाव होतं.

डेलोरा आली. ती मर्लिनच्या तबकड्यांवरच्या बाईच्या आईसारखी दिसत होती. आवाजाचा वरचा मजला रिकामा झाला होता. उंच सूर आला की ती माईक लोकांकडे फिरवायची आणि लोक तो सूर लावायचे. नाक मात्र शाबूत होतं. चौथ्या गाण्याला तिने गुडघ्याला हात लावला आणि मागे पाहिलं. मागे खुर्ची नव्हती. उत्सव समितीचे पाच सभासद. स्टेजवरची खुर्ची दुसरा कोणी आणेल असं पाचही जणांना वाटलं होतं.

डेलोराने समोर पाहिलं. "राजा," ती मर्लिनला म्हणाली, माईकमधून, "ती तुझ्या शेजारची कुणाची?"

मर्लिन उभा राहिला. त्याने या क्षणाची पन्नास वर्षं वाट पाहिली होती, फक्त प्रश्न वेगळा असेल असं धरून. "माझ्या मुलीची," तो म्हणाला.

"येतेय का ती?"

आता मागे नऊशे माणसं छताकडे बघत होती, आणि बागेला छत नाही. "रस्त्यात आहे," मर्लिन म्हणाला.

"तोवर मी बसू का तिच्यात?"

"ती," मर्लिन म्हणाला, "धरून ठेवलीय."

तिने आणखी दोनदा विचारलं असतं तर त्याने खुर्चीच काय, घर दिलं असतं. पण डेलोरा केंटकीची. तिकडे एकदाच विचारतात. "बरं," ती म्हणाली आणि माईकच्या दांड्याला टेकली. बागेत इतकी शांतता झाली की तळ्यातली बदकं ऐकू आली.

मग मर्लिनने स्वतःची खुर्ची घडी केली, बगलेत मारली, पाच पायऱ्या चढला, ती स्टेजवर उघडली, हलत नाही ना हे हाताने दाबून पाहिलं, आणि खाली येऊन कललेल्या खुर्चीशेजारी उभा राहिला.

"तिच्यात बस ना," ड्वेन पुटपुटला.

"नको."

"अरे बस."

"नको."

ड्वेनने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, मर्लिनकडे पाहिलं आणि मिटलं. त्याच्या आयुष्यातला न दिलेला तो एकमेव सल्ला.

डेलोरा एक तास गायली. प्रत्येक गाणं संपलं की ती खुर्चीतून वाकून विचारायची, "आली का रे?" आणि मर्लिन नाही म्हणून मान हलवायचा. तीन गाण्यांनंतर तिने विचारणं सोडलं आणि कचराडेपोच्या वाटेवरचं ते गाणं सुरू केलं. उंच सुराला माईक लोकांकडे आला तेव्हा मर्लिनने तोंड उघडलं, पण आवाज शेजारच्यांचाच आला. त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, तिच्यात कोणीतरी बसलंय आणि हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे.

कार्यक्रम संपल्यावर तिच्या माणसांनी सामान भरलं, त्यात हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची खुर्चीही भरली. बस महामार्गाला लागेपर्यंत मर्लिन बघत होता. थांबवता आली असती. पण दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे काय.

रविवारी चार वाजता फोन आला.

"कसं झालं?" ब्रिटाने विचारलं.

"छान झालं. आवाज जरा बसलाय तिचा."

"खुर्ची?"

"तुझी तशीच होती. कुणी बसलं नाही."

"मी शुक्रवार-सोमवार सुट्टी काढली होती," ब्रिटा म्हणाली. "घरी बसून खिडक्या पुसल्या."

मर्लिनला बसायला खुर्ची हवी होती, पण ती शेजारच्या खोलीत होती. तो ओट्याला टेकला. "पण तू नको म्हणालीस. तीनदा."

"दोनदा, बाबा."

"तीनदा. मी मोजलंय."

"पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, एखादी मोडली तर असावी. तो काय आग्रह झाला? मी तिसऱ्याची वाट बघत होते. गेल्या रविवारी तर मी अकरा मिनिटं बघत होते."

मापात चूक. एकतीस वर्षं मुलांना तो एकच गोष्ट सांगत आला होता: कापायच्या आधी दोनदा मोजा.

"लेबर डेला दोन आठवडे आहेत," तो म्हणाला. "सुट्टी असते. येतेस का?"

"नको बाबा, तुम्हाला त्रास."

"ये. चादरी घातलेल्याच आहेत."

"नको, विमानतळावर यायचं, जायचं..."

मर्लिनने श्वास घेतला. एकाच फोनवर तिन्ही. गावात कळलं असतं तर लोकांनी त्याला पिसाट म्हटलं असतं. "ब्रिटा," तो म्हणाला, "हे तिसरं."

घड्याळाचा आवाज आला. मग नाक ओढल्याचा. ते तिला डेलोराकडून मिळालं असावं.

"बरं," ब्रिटा म्हणाली. "दोनच दिवस पण. काय आणू?"

"काही नको."

"काहीतरी आणते ना."

"छे, आहे सगळं इथे."

"बाबा, तिसऱ्यांदा विचारतेय."

मर्लिनने खिडकीतून पाहिलं. ओसरीवर आता उरलेली एकुलती एक घडीची खुर्ची डावीकडे कलून उभी होती.

"मग खुर्ची आण एक," तो म्हणाला.